तुमच्या शर्टाचं पातेलं

सर, तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा पहिला विचार आला तो असा, की अरे, हा माणूस हातातून निसटला. वाईट वगैरे नाही वाटलं. खोटं कशाला लिहू? माझा बेत वेगळाच होता. कधीतरी पुण्याला यायचं, तुमच्या दारात गाडीतून उतरायचं, पेढ्यांचा पुडा तुमच्या हातात ठेवायचा, तुम्ही ओळखायचा प्रयत्न करत असताना छान हसायचं आणि मग सावकाश विचारायचं, "सर, फळा पुसायला हल्ली काय वापरता?" एवढं एक वाक्य मी पुण्याहून टेक्सासपर्यंत जपून आणलं. मधल्या काळात नोकरी आली, गेली, लग्न झालं, पोरं मोठी होऊन इंग्रजीत उलट उत्तरं द्यायला लागली, केस गेले. ते वाक्य मात्र नव्यासारखं राहिलं. ते वापरायच्या आत तुम्हीच गेलात. पण आमच्या धंद्यात न वापरलेली वस्तू फेकून देत नाहीत. तिला दुसरं गिऱ्हाईक शोधतात. मलाही मिळालं. तुमची मुलगी.

आधी मी कोण ते सांगतो, कारण तुमच्या हाताखालून पुष्कळ पोरं गेली. आठवीचा वर्ग, खिडकीकडची रांग, तिसरा बाक. बोहारणीचा मुलगा. आता आठवलं असेल. माझी आई डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन तुमच्या गल्लीत यायची आणि तुमच्या उंबऱ्याशी फतकल मारून बसायची. तुमच्या बाई जुने कपडे आणून टाकायच्या. आई एकेक उचलून उजेडात धरायची, कॉलर बघायची, काखा बघायची, पँट असेल तर बैठक बघायची आणि मान हलवायची. "बाई, अजून एक शर्ट टाका, मग पातेलं तुमचं." "अगं, केवढासा जीव त्या पातेल्याचा!" "वाजवून बघा ना मग." हे तासभर चालायचं. दोघींना घाई नसायची. मला तर वाटतं, दोघींना ते आवडायचं. शेवटी तुमच्या बाई बोटाच्या पेरानं पातेलं वाजवायच्या आणि आई माझ्याकडे बघायची, कारण घरी तिनं मला शिकवून ठेवलं होतं, आवाज लांबला की भांडं जाड, लगेच मेला की नुसता पत्रा. ती लबाडी करायची नाही असं नाही. पण तुमच्या दारात कधी केली नाही. मास्तरांचं घर आहे, म्हणायची.

कपडे घरी आले की धुवायचे, उसवलेलं शिवायचं, तुटलेलं बटण दुसऱ्या शर्टाचं लावायचं, कोळशाची इस्त्री फिरवायची. बुधवार-रविवार जुन्या बाजारात विकायला बसायचं. शिवण्यापलीकडे गेलेल्या पँटच्या पिशव्या व्हायच्या. सुती चिंध्या गॅरेजवाले हात पुसायला न्यायचे. आमच्या खोलीतून कचरा असा बाहेर पडायचाच नाही. मी मोठा होऊन अमेरिकेत आलो तेव्हा सूटबूट घातलेली माणसं स्लाइड दाखवून हेच समजावून सांगत होती, बाणांचं गोल चित्र काढून. मला हसू आवरेना. आईला चित्र काढता येत नव्हतं, एवढाच काय तो फरक.

तर त्या वेळी तुमच्या बाईंनी तीन शर्ट आणि एक पँट दिली आणि एक दणकट पातेलं घेतलं. त्यातला एक शर्ट आईनं माझ्यासाठी बाजूला काढला, बाह्या आखडून दिल्या. टेरिकॉटचा, फिकट निळा, खिशाखाली शाईचा डाग. मी तो घालून शाळेत आलो. कुणाचा शर्ट कुणाचा, हे तेरा वर्षांच्या पोराला काय माहीत असणार?

तुम्ही त्या दिवशी द्रव्य अक्षय्यतेचा नियम शिकवत होता. फळ्यावर लिहिता लिहिता वळलात आणि थांबलात. टेबलावर खडू दोनदा आपटलात. रागावायच्या आधी तुम्ही तसं करायचात, टक टक, आणि वर्ग चिडीचूप व्हायचा. माझ्या बाकापाशी येऊन तुम्ही पट्टीच्या टोकानं माझी कॉलर उचललीत, मेलेलं झुरळ उचलावं तशी.

"कुणाचा रे शर्ट?"

"माझा, सर."

"तुझा? मग डाग माझ्या पेनाचा कसा?"

वर्ग हसला. तुम्ही थांबलात, त्यांना पोटभर हसू दिलंत. मग म्हणालात, "आमच्या अंगावरचं उतरलेलं घालून आमच्याच समोर येऊन बसायचं? लाज वाटत नाही? तुझ्या आईनं माझ्या बायकोला फसवलंय. तीन शर्टांत एवढंसं पातेलं! काढ तो."

मी काढला. आतला बनियन पाठीवर फाटका होता. मागच्या बाकावरून कुणीतरी जाळी मोजायला लागलं. तुम्ही शर्टाची घडी घातलीत, नीट, चौकोनी, आणि त्यानं फळा पुसलात. द्रव्य नष्ट होत नाही, ते फक्त रूप बदलतं, हे वाक्य माझ्या शर्टानं पुसलं गेलं. बरं, एक दिवस नाही. डस्टर हरवलंय म्हणून वार्षिक परीक्षेपर्यंत तुम्ही तेच वापरलंत. रोज विज्ञानाच्या तासाला मी माझा शर्ट पांढरा होताना बघत होतो. घरी सांगितलं, हरवला. आईनं कानाखाली वाजवली. ती थप्पडही तुमचीच, सर. आणि पातेलं तुमच्या घरात राहिलं, तुमच्या ओट्यावर. सौदा तुमच्या बायकोनं केला होता, माल दोन्हीकडं पोचला होता, आणि तुम्ही एका बाजूचा माल परत काढून घेतलात. याला आमच्या धंद्यात काय म्हणतात ते मी मोठ्या माणसाला लिहिणार नाही.

आता इकडचं ऐका. मी डॅलसजवळ अर्विंगला असतो. आलो होतो पुण्याहून सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून. ग्रीन कार्ड हातात आलं आणि त्याच वर्षी नोकरी गेली. शेवटच्या दिवशी खोका घेऊन निघालो तर खाली डॉकवर सर्व्हरची रास पडलेली, ट्रकची वाट बघत. आत पंखे, तांबं, ॲल्युमिनियम, चालू स्थितीतली मेमरी. मी तिथल्या माणसाला विचारलं, "हे कुठं जाणार?" तो म्हणाला, "अवे." म्हणजे लांब, कुठंतरी. सर, अवे नावाचं गाव कुठल्याही नकाशात नाही, हे तुम्हीच फळ्यावर लिहिलं होतंत. मी म्हटलं, मी नेतो. बायको म्हणाली, "गॅरेजमध्ये गाडी लावायची की भंगार?" गाडी दोन वर्षं पावसात उभी राहिली. मित्रमंडळींत मला भंगारवाले काका म्हणायला लागले, आधी पाठीमागं, मग तोंडावर. मी हसायचो. हसणाऱ्या माणसाला लोक जुने लॅपटॉप न्यायला घरी बोलावतात.

आज माझी मोठी शेड आहे. येणारी प्रत्येक वस्तू आधी ऐकली जाते, हा माझा नियम. मोटर फिरवून ऐका, डिस्क कानाशी धरा, कॉम्प्रेसरवर हात ठेवा. जे दुरुस्त होईल ते दुरुस्त. आमच्याकडचे लॅपटॉप कॉलेजची पोरं नेतात, धुलाई मशिनं नवा संसार मांडणारे नेतात. जे दुरुस्त होत नाही तेच फोडायचं आणि वेगळं करायचं. माझी फोरमन एल साल्वाडोरची बाई आहे. कशाचा तुकडा आहे अशी शंका आली की ती तो जमिनीवर टाकते आणि मी पाठमोरा सांगतो, पितळ, बीड, ॲल्युमिनियम. ती म्हणते, बॉसचे कान विकत घ्यायला पाहिजेत. ट्रकभर सामान खड्ड्यात पुरायचं तर एक बुलडोझर आणि एक माणूस पुरतो. तोच ट्रक माझ्या दारात रिकामा झाला तर शेडभर माणसांची चूल पेटते. तांबं कितीही वेळा वितळवा, तांबंच राहतं, आणि तेवढा डोंगर कुठंतरी खणायचा वाचतो. सगळंच वाचतं असं मात्र नाही. काही प्लॅस्टिकला आजही कुणी विचारत नाही, आणि ते मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. आईची शिकवण. मास्तरांचं घर असो नसो.

गेल्या वर्षी मी दुसऱ्या शेडसाठी सिटीकडं परवानगी मागितली. जागा एका नव्या वसाहतीच्या पाठीमागं, आणि वसाहतीत निम्मी आपलीच माणसं. सुनावणीला रहिवाशांच्या वतीनं एक बाई उभ्या राहिल्या. चाळिशीच्या पुढच्या, झकास इंग्रजी. म्हणाल्या, घरं घेतली तेव्हा मागं जंकयार्ड येईल असं कुणी सांगितलं नव्हतं. म्हणाल्या, जगाचा कचरा हे लोक आमच्या परसात आणणार. बॅटऱ्या पेटल्या तर कोण जबाबदार? मी खाली मान घालून ऐकत होतो, आणि प्रत्येक मुद्द्याआधी त्या टेबलावर पेन आपटत होत्या. टक टक. सर, माझ्या पाठीवर बनियनची जाळी उमटली. दाराशी ठेवलेल्या हजेरीपत्रकावर त्यांनी सासरच्या आडनावाआधी माहेरचं आडनाव लिहिलं होतं. तुमचं.

सुनावणी महिनाभर पुढं ढकलली. पार्किंगमध्ये मी मराठीत म्हटलं, "छान बोललात."

"अय्या, काका, तुम्ही मराठी? आधी सांगायचं ना!"

"आधी सांगितलं असतं तर विरोध केला नसता?"

"केला असता," ती हसली, "पण मराठीत."

मी विचारलं, माहेर कुठलं? पुण्याचं, बाबा सायन्सचे सर होते, फार कडक पण फार नावाजलेले, तुम्ही पुण्याचेच ना, नाव ऐकलं असेल. मी म्हटलं, ऐकलंय. ती म्हणाली, "काका, नो ऑफेन्स हं, पण रविवारी चहाला या. लोकांचे प्रश्न आहेत, बसून बोलू." मी मान डोलावली. गाडीत बसून हात चोळले. पुढच्या सुनावणीत मला तीन मिनिटं मिळणार होती. शर्टाची गोष्ट तीन मिनिटांत बसते. घड्याळ लावून म्हणून पाहिली. मुलगी उभी, समोर सिटीचे सगळे मानकरी, आणि तिच्या नावाजलेल्या बापाची घडी घालून मी फळा पुसणार. यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक त्या वाक्याला मिळालं नसतं.

रविवारी गेलो. दार तुमच्या नातीनं उघडलं. सर, हे नीट वाचा. तिच्या अंगावर एक जुनाट, ढगळ जॅकेट होतं, कुठल्यातरी गॅरेजच्या कामगाराचं, आणि खिशावर त्या परक्या माणसाचं नाव शिवलेलं होतं. मी विचारलं, "हे कोण?" ती ऐटीत म्हणाली, "नो आयडिया, अंकल. इट्स थ्रिफ्टेड." म्हणजे जुन्या कपड्यांच्या दुकानातून, पैसे मोजून घेतलं होतं. तुमची नात कुणाच्यातरी अंगावरचं उतरलेलं घालून, त्याचं नाव छातीवर मिरवत शाळेत जाते, आणि वर्ग हसत नाही, कुठून घेतलंस म्हणून विचारतो. मला तिथल्या तिथं पेढे वाटावेसे वाटले.

मग स्वयंपाकघरातून आवाज आला. तुमच्या मुलीनं चहाचं आधण ओट्यावर ठेवलं, आणि गाळणी काठाला लागली. इकडच्या भांड्यांचा आवाज तसा नसतो. मी उठून आत गेलो. "जुनं दिसतंय."

"हे? हे आईचं. बोहारणीकडून घेतलेलं. मी इकडं येताना साडीत गुंडाळून आणलं. इथली नॉनस्टिक किती आली नि गेली, हे आपलं आहे तसंच."

"काय देऊन घेतलं होतं?"

"बाबांचे तीन शर्ट आणि एक पँट," ती म्हणाली. "आई नेहमी सांगायची. बाबा जन्मभर म्हणत, बाईनं फसवलं."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"काका, चाळीस वर्षं चहा होतोय यात. कोण फसलं?"

चहा ओतून झाल्यावर मी पातेलं मागून घेतलं. बुडाजवळ ठिपक्याठिपक्यांनी तुमचं नाव घातलेलं होतं. मी पेरानं वाजवलं. आवाज लांबला, सर. मी बोट उचलून धरलं तरी तो चालूच होता. माझी आई तुम्हाला फसवत नव्हती, हे मला माहीतच होतं, पण माहीत असणं वेगळं आणि कानानं ऐकणं वेगळं.

तिथंच मी बेत बदलला. दया आली म्हणून नव्हे, यापेक्षा मोठा सूड दिसला म्हणून. मी तिला म्हटलं, बॅटऱ्या नव्या शेडमध्ये ठेवणारच नाही, फोडाफोडी तिथं होणार नाही, फक्त दुरुस्ती, संध्याकाळी सहाला कुलूप, सगळं लिहून देतो. एकच अट. पुढच्या सुनावणीला हे पातेलं घेऊन या. "पातेलं? सिटी हॉलमध्ये?" हो. विरोधात बोलायचं तर विरोधात बोला, पण हे समोर ठेवून बोला.

तिनं आणलं. दारातल्या गार्डनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, एव्हिडन्स. तिनं ते टेबलावर ठेवलं, पेन दोनदा आपटलं, आणि सांगायला लागली, आमच्या गल्लीत एक बाई यायची. तिनं माझ्या आईची भांड्यांची पाटी, उजेडात धरलेली कॉलर, वाजवून घेतलेलं भांडं, सगळं सांगितलं. म्हणाली, मला भेटलेल्या माणसांत सगळ्यात हुशार रीसायकलर तीच, आणि मला तिचं नावसुद्धा माहीत नाही. म्हणाली, माझे वडील म्हणायचे तिनं फसवलं, पण या बाबतीत माझे वडील चुकले. भर सभेत, सर. माइकवर. नोंद झाली आहे, कुणीही काढून ऐकावी. मी तिसऱ्या रांगेत बसून ते ऐकलं आणि हसू इतकं दाबून धरलं की शेजारच्यानं मला गोळी देऊ केली, खोकला दाबतोय असं समजून. मला तोंडच उघडावं लागलं नाही. माझी तीन मिनिटं मी वापरलीच नाहीत. अटींसह परवानगी मिळाली.

फक्त एक झालं. सभेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी सहज विचारलं, "अँड द शर्ट्स? त्यांचं काय झालं?" तुमच्या मुलीनं खांदे उडवले. "आय डोन्ट नो. समबडी वोअर देम, आय गेस." कुणीतरी घातले असतील.

येत्या शनिवारी नवी शेड उघडते आहे. फीत तीच कापणार, मी बोलावलं आहे. ती पातेलंही आणणार आहे, माझ्या माणसांना त्यात चहा करून देणार म्हणते. आणि मी हे पत्र लिहायला बसलो ते तिला द्यायचं म्हणून. तुम्हाला तर वाचता येणार नाही. फीत कापून झाली की पाकीट हातात ठेवायचं आणि म्हणायचं, घरी गेल्यावर वाचा. त्या शर्टांतल्या एकाचं काय झालं ते तिला कळेल. मग तो चहा तिला पुन्हा तसा लागणार नाही. तुम्ही माझा एक शर्ट वर्षभर वापरलात. मी तुमचं पातेलं जन्मभराचं घेतलं असतं. पाकीट आणून ठेवलं आहे. त्यावर तिचं नावही घातलं.

पण ते मी देणार नाही. मोठेपणानं नाही, सर. मी तुम्हाला माफ केलेलं नाही, आणि तसा विचारही नाही. देणार नाही, कारण तुमची मुलगी हुशार आहे. पत्र वाचलं की ती एकच प्रश्न विचारेल, तुमच्यासारखाच, नेमका. "काका, पण तुम्ही तो शर्ट शाळेत घातलातच का?" आणि वर मी लिहून बसलो आहे, की कुणाचा शर्ट कुणाचा ते मला माहीत नव्हतं.

माहीत होतं. आईनं बजावलं होतं, हा मास्तरांच्या घरचा, शाळेत घालू नकोस, रविवारी घाल. आदल्या आठवड्यात तुम्ही बंद बरणीत मेणबत्ती जाळून, आधी आणि नंतर तराजूत ठेवून दाखवली होतीत, आणि काटा हलला नव्हता. दोन दिवस माझ्या डोक्यात त्याच्याशिवाय दुसरं काही नव्हतं. मला वाटलं, तुम्ही शर्ट ओळखाल, जवळ याल आणि म्हणाल, अरे वा, शोभतो रे तुला. त्या दिवशी मी बाकाच्या अगदी कडेला सरकून बसलो होतो, डाग तुम्हाला दिसावा म्हणून.